रेडिएटरमधल्या पाण्याचा इतिहास

मोटारीच्या इंजिनात जळणाऱ्या इंधनाची जेमतेम एक तृतीयांश ऊर्जा चाकांपर्यंत पोचते. जवळपास तेवढीच उष्णता सायलेन्सरमधून धुराबरोबर बाहेर पडते आणि बाकीची सिलिंडरच्या भिंतींत व हेडमध्ये शिरते. ही उष्णता वेळेवर काढून घेतली नाही, तर तेलाचा थर जळतो, पिस्टन फुगून सिलिंडरमध्ये आवळला जातो आणि इंजिन जॅम होते. उष्णता वाहून नेणारे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणी द्रव्य म्हणजे पाणी. एक किलो पाण्याचे तापमान एका अंशाने वाढायला सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता लागते. सहज मिळणाऱ्या दुसऱ्या कोणत्याही द्रवाला हे जमत नाही. कूलंटचा पुढचा सगळा इतिहास म्हणजे पाण्याचा हा गुण राखून त्याचे तीन दोष झाकण्याची धडपड आहे. पाणी शून्य अंशाला गोठते, शंभर अंशाला उकळते आणि धातू गंजवते.

पहिल्या मोटारींनी यातला उकळण्याचा दोषच कामाला लावला होता. कार्ल बेंझच्या १८८६ सालच्या तीनचाकी गाडीत सिलिंडरभोवतीचे पाणी सरळ उकळत असे, वाफ होऊन उडून जात असे आणि चालक वरून नवे पाणी ओतत असे. ऑगस्ट १८८८मध्ये त्याची पत्नी बेर्टा बेंझ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला गेली, तेव्हा शंभर किलोमीटरच्या त्या प्रवासात जागोजागी थांबून पाणी भरावे लागले. पाणी गाडीतच राखून पुन्हा पुन्हा थंड करायचे, तर त्याला हवेशी भिडणारे मोठे क्षेत्रफळ हवे होते. ते जर्मन अभियंता विल्हेल्म मायबाखने दिले. १९००च्या अखेरीस तयार झालेल्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीजसाठी त्याने मधमाशांच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. त्यात ६ मिलिमीटर बाजूच्या ८,०७० चौकोनी नळ्या एकमेकींना झाळलेल्या होत्या. नळ्यांतून वारा जाई आणि त्यांच्यामधल्या फटींतून पाणी. या एका बदलाने गाडीतले पाणी निम्म्यावर, म्हणजे सुमारे ९ लिटरवर आले. थोडे पाणी, पातळ नळ्या आणि तांबे-पितळ-कथलाचे झाळकाम हा साचा पुढची सत्तर-ऐंशी वर्षे टिकला. कूलंटमध्ये काय घालावे आणि काय घालू नये, याचे पहिले नियम याच धातूंनी ठरवले.

पंपाशिवायही काम भागत असे. फोर्डच्या मॉडेल टीच्या पहिल्या सुमारे अडीच हजार गाड्यांत पाण्याचा पंप होता. नंतर तो काढून टाकला गेला आणि १९२७ साली उत्पादन थांबेपर्यंत गरम पाणी वर चढते, थंड खाली उतरते एवढ्या तत्त्वावर ती गाडी चालली. अशा रचनेत पाण्याची पातळी वरच्या होजपाइपच्या खाली गेली की फिरणेच थांबते. म्हणून त्या पिढीतले चालक दर मुक्कामाला रेडिएटरचे झाकण उघडून पाहत.

थंड देशांत मात्र प्रश्न गोठण्याचा होता. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते. ओतीव लोखंडाचा ब्लॉक हा ताण सोसत नाही आणि एका रात्रीत चिरतो. ब्लॉकच्या बाजूला दिसणाऱ्या गोल पत्र्याच्या बुचांना अनेक जण गोठण्यापासूनचे संरक्षण समजतात. प्रत्यक्षात ओतकामाच्या वेळी आत भरलेली वाळू बाहेर काढायला ठेवलेली ती भोके आहेत. बर्फाच्या दाबाने बूच कधी बाहेर उडते आणि ब्लॉक वाचतो, कधी वाचत नाही. त्यामुळे विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत युरोप-अमेरिकेत हिवाळ्यात रोज संध्याकाळी रेडिएटरचा नळ उघडून पाणी सोडून द्यायचे आणि सकाळी गरम पाणी भरायचे, अशी रीत होती. ज्यांना हे नको होते त्यांनी घरात जे सापडेल ते पाण्यात मिसळून पाहिले. कॅल्शियम क्लोराइडचे खारे पाणी गोठत नसे, पण रेडिएटर खाऊन टाकी. साखर आणि मध यांनी पाणी दाट होई आणि नळ्या चिकटत. रॉकेल रबराचे पाइप फुगवी आणि आगीची भीती वेगळीच. ग्लिसरीन चांगले होते, पण महाग आणि थंडीत फार घट्ट. त्यातल्या त्यात चालला तो लाकडापासून काढलेला मिथेनॉल आणि औद्योगिक अल्कोहोल. स्वस्त आणि पातळ असल्याने तो बराच काळ टिकला, पण पाण्याआधीच उकळून उडून जाई. चढणीवर इंजिन तापले की बोनेटखालून अल्कोहोलचा वास येई आणि त्याच रात्री गोठण्यापासूनचे संरक्षण संपलेले असे.

या कोंडीतून बाहेर काढणारे द्रव्य रसायनशास्त्रज्ञांच्या कपाटात तोवर साठ वर्षे पडून होते. फ्रान्सच्या शार्ल-अदोल्फ वुर्त्झने १८५६ साली एथिलीन ग्लायकॉल तयार केले होते, पण त्याचा काही उपयोग कोणाला ठाऊक नव्हता. उपयोग सापडला तो पहिल्या महायुद्धात, स्फोटकांच्या कारखान्यात. जर्मनीत ग्लिसरीनची टंचाई झाली तेव्हा त्याच्या जागी ग्लायकॉल वापरले गेले. युद्धानंतर खाणींसाठीच्या डायनामाइटमध्येही ते आले, कारण नायट्रोग्लिसरीन १३ अंशांच्या आसपासच गोठते आणि गोठलेला डायनामाइट हाताळणे फार धोक्याचे. ग्लायकॉलपासून केलेले द्रव्य मिसळले की तो गोठत नसे. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या साउथ चार्ल्सटन इथे युनियन कार्बाइडच्या रसायन कंपनीने १९२५ साली ग्लायकॉलचा मोठा कारखाना उभारला आणि १९२७मध्ये ‘प्रेस्टोन’ या नावाने ते मोटारींसाठी विकायला काढले. जर्मनीत आयजी फार्बेनने १९२९मध्ये ‘ग्लिसांटिन’ आणले. दोन्ही नावे आजही डब्यांवर आहेत. ग्लायकॉल १९७ अंशांना उकळते, त्यामुळे अल्कोहोलसारखे उडून जात नाही. ‘कायमचे’ अँटिफ्रीझ अशी त्याची जाहिरात झाली ती याच अर्थाने.

ग्लायकॉल आणि पाणी यांचे प्रमाण ही या विषयातली सर्वांत गैरसमजाची जागा आहे. शुद्ध ग्लायकॉल उणे १३ अंशांनाच गोठते. पाणी शून्याला आणि ग्लायकॉल उणे १३ला, पण दोन्ही अर्धे-अर्धे मिसळले तर मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत द्रव राहते. एक तृतीयांश ग्लायकॉलने उणे १८च्या आसपासचे संरक्षण मिळते, साठ टक्क्यांनी उणे ५०च्या खाली जाता येते. त्यापुढे ग्लायकॉल वाढवत गेले की गोठणबिंदू पुन्हा वर चढू लागतो. पाण्याचे रेणू बर्फाच्या जाळीत बसू पाहतात आणि ग्लायकॉलचे रेणू त्यांना अडवतात. ग्लायकॉलचे रेणू स्फटिक होऊ पाहतात तेव्हा पाणी त्यांना अडवते. उष्णतेच्या बाबतीत मात्र ग्लायकॉल पाण्याला सरळ उणेच पडते. अर्ध्या-अर्ध्या मिश्रणाची उष्णता साठवण्याची क्षमता पाण्याच्या चार पंचमांशच्या आसपास येते आणि द्रव दाट झाल्याने तो नळ्यांतून सावकाश फिरतो. ‘शुद्ध कूलंट भरले की इंजिन जास्त थंड राहते’ हा समज आजही गॅरेजांत ऐकू येतो, आणि तो अगदी उलटा आहे.

हा धडा विमानांनी मोठी किंमत मोजून शिकवला. लढाऊ विमानाला रेडिएटर जितका लहान तितका वाऱ्याचा अडथळा कमी, आणि कूलंट जितका गरम चालेल तितका रेडिएटर लहान करता येतो. ब्रिटनमध्ये १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला रोल्स-रॉइसच्या गॉसहॉक इंजिनात पाणी मुद्दाम उकळू देऊन वाफ पंखांच्या पत्र्याखाली थंड करण्याचा प्रयोग झाला. सुपरमरीनच्या टाइप २२४ या विमानावर तो १९३४मध्ये उडवला गेला. वाफेचे पुन्हा झालेले उकळते पाणी पंपांना ओढता येईना आणि ती वाट सोडावी लागली. त्याच सुपरमरीनच्या स्पिटफायरमध्ये, ज्याने ५ मार्च १९३६ रोजी पहिले उड्डाण केले, रोल्स-रॉइसचेच मर्लिन इंजिन होते आणि सुरुवातीच्या मर्लिनमध्ये शुद्ध ग्लायकॉल भरलेले असे. ते १२० अंशांच्या आसपास चालवता येई. पण शुद्ध ग्लायकॉल पेट घेते, बारीक फटींतून झिरपते आणि उष्णता कमी वाहते. मर्लिन १२ या आवृत्तीपासून ७० टक्के पाणी आणि ३० टक्के ग्लायकॉल असे मिश्रण दाबाखाली वापरले जाऊ लागले. उकळणबिंदू वर नेण्याचे काम ग्लायकॉलकडून काढून दाबाकडे दिले गेले, हा या इतिहासातला फार शहाणा निर्णय होता.

युद्धानंतर मोटारींनी तोच मार्ग घेतला. रेडिएटरच्या झाकणात स्प्रिंगची झडप बसवली की आतला दाब ठरावीक मर्यादेपर्यंत वाढतो. वातावरणाच्या दाबाहून एक बार जास्त दाब धरणारे झाकण अर्ध्या-अर्ध्या मिश्रणाचा उकळणबिंदू १०८ अंशांवरून १३०च्या जवळ नेते. याच काळात सर्गियस व्हर्नेटने १९३०च्या दशकात शोधलेला मेणाचा थर्मोस्टॅट सगळीकडे आला. तांब्याच्या कुपीतले मेण वितळून फुगते आणि झडप उघडते. इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जात नाही. भारतात गाडी गरम होऊ लागली की अनेक मेकॅनिक हा थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. त्याने काटा खाली येतो खरा, पण इंजिन कायम अर्धवट तापलेले राहते, पेट्रोल जास्त खाते आणि तेलात पाणी व आम्ल साचते.

तिसरा दोष गंजाचा. ग्लायकॉल आले आणि तो कमी होण्याऐवजी वाढला. गरम ग्लायकॉलला हवेतला ऑक्सिजन मिळाला की त्याची हळूहळू ग्लायकॉलिक आणि फॉर्मिक आम्ले होतात. म्हणून १९३०च्या दशकापासून डब्यात ग्लायकॉलबरोबर गंजरोधक रसायने येऊ लागली. वजनाने ती थोडीच असतात, पण दोन कूलंटांमधला सगळा फरक त्यांच्यात आहे. ग्लायकॉल बहुतेक डब्यांत तेच असते.

ब्रिटिश मानक संस्थेने १९५९ साली अशा तीन वेगवेगळ्या कृतींना मानके दिली. पहिलीत ट्रायइथेनॉलअमाइनचे फॉस्फेट आणि तांब्याला जपणारे मर्कॅप्टोबेंझोथायाझोल होते. तिचा भर ॲल्युमिनियमवर. दुसरीत सोडियम बेंझोएट आणि सोडियम नायट्राइट, तिसरीत बोरॅक्स. तिन्ही आपापल्या जागी चांगली होती. पहिलीत दुसरी मिसळली, तर मात्र अमाइन आणि नायट्राइट यांच्या संयोगाने नायट्रोसअमाइन तयार होतात आणि ती कर्करोगकारक आहेत. मोठ्या डिझेल इंजिनांत, विशेषतः रेल्वेच्या, नुसत्या पाण्यात क्रोमेट घालण्याची पद्धत होती. क्रोमेटने लोखंड उत्तम राखले जाते, पण त्यात ग्लायकॉल पडले की क्रोमेट ग्लायकॉलचेच ऑक्सिडेशन करते आणि हिरवा गाळ तळाशी बसतो. कूलंट मिसळण्याच्या बाबतीतली सावधगिरी रंगीबेरंगी डब्यांच्या पुष्कळ आधीची आहे आणि तिचे कारण असे डोळ्यांसमोर मांडता येते.

कोणती कृती चांगली हे ठरवायला एक सामाईक कसोटी लागते. अमेरिकेच्या एएसटीएम संस्थेची डी १३८४ ही चाचणी आजही पहिली चाळणी मानली जाते. काचेच्या भांड्यात क्षारयुक्त पाण्यात केलेले कूलंटचे मिश्रण घेतात. तांबे, कथलाचा झाळ, पितळ, पोलाद, ओतीव लोखंड आणि ओतीव ॲल्युमिनियम यांचे वजन केलेले सहा तुकडे एका दांडीवर ओवून त्यात बुडवतात. ८८ अंशांवर, खालून हवेचे बुडबुडे सोडत, ते ३३६ तास, म्हणजे बरोबर दोन आठवडे ठेवतात. मग तुकडे घासून, धुऊन पुन्हा तोलतात. प्रत्येक धातूचे किती मिलिग्रॅम वजन घटले यावर कूलंट पास की नापास ठरते. सहा धातू एकाच भांड्यात, कारण इंजिनातही ते एकाच पाण्यात असतात आणि एकाला जपणारे रसायन दुसऱ्याला खाऊ शकते. नायट्राइट ओतीव लोखंडाला राखते, पण जास्त झाले की झाळावर उठते. बोरॅक्स लोखंडाला चालते, तापलेल्या ॲल्युमिनियमला जाचते.

ॲल्युमिनियमने सगळे गणित बदलले. १९६० आणि १९७०च्या दशकांत वजन घटवण्यासाठी हेड, मग ब्लॉक आणि रेडिएटरही ॲल्युमिनियमचे होऊ लागले. अमेरिकेत १९७१च्या शेव्हरले व्हेगाचा ॲल्युमिनियम ब्लॉक गरम होण्यासाठी कुप्रसिद्ध झाला. ॲल्युमिनियमला सर्वांत जलद झाकणारे रसायन म्हणजे सिलिकेट. ते धातूच्या पूर्ण पृष्ठभागावर पातळ थर देते, पण त्यातच खर्च होते, म्हणून दोन-तीन वर्षांत कूलंट बदलावे लागते. जास्त घातले तर जेलीसारखे साखळते. १९७०-८०च्या दशकांत अमेरिकेतल्या ट्रकांच्या रेडिएटरांत असा हिरवा चिकट गाळ सापडू लागला आणि तेव्हा सिलिकेट विरघळलेले ठेवणारी वेगळी रसायने त्यात घालावी लागली.

इथून तीन प्रदेशांच्या तीन वाटा झाल्या. अमेरिकनांनी सिलिकेट आणि फॉस्फेट दोन्ही वापरले. युरोपात नळाचे पाणी दुष्फेन. त्यातल्या कॅल्शियमशी फॉस्फेटचा संयोग होऊन पांढरा थर नळ्यांत बसे, म्हणून त्यांनी फॉस्फेट वगळून सिलिकेट ठेवले. जपानी कारखानदारांचा अनुभव असा की सिलिकेटने वॉटर पंपाचे सील झिजतात. तिकडचे पाणी मऊ, फॉस्फेट चालते, तेव्हा त्यांनी सिलिकेट वगळले. युरोपीय गाडीला जपानी कूलंट का चालत नाही, या प्रश्नाचे उत्तर कोणाच्या गुणवत्तेत नाही. ते दोन प्रदेशांच्या पाण्यात आहे.

डिझेल ट्रकांचे दुखणे आणखी वेगळे होते. त्यांच्या इंजिनात लायनरच्या बाहेरच्या बाजूला थेट कूलंट असते. पिस्टन आत आपटतो तेव्हा लायनर थरथरतो आणि त्याला चिकटलेल्या द्रवात क्षणभर पोकळ बुडबुडे तयार होऊन फुटतात. प्रत्येक फुटणारा बुडबुडा धातूवर सूक्ष्म घाव घालतो. काही हजार तासांत लायनरला टाचणीच्या टोकाएवढी आरपार भोके पडतात आणि कूलंट तेलात उतरते. नायट्राइट लोखंडावर चिवट थर बसवून हे घाव सोसते, पण सतत खर्च होते. म्हणून जड वाहनांत दर सर्व्हिसला त्याची भर घालण्याची आणि कागदी पट्टी बुडवून प्रमाण तपासण्याची पद्धत आली. कारचा कूलंट ट्रकमध्ये ओतू नये, यामागे हे कारण आहे.

१९९०च्या दशकात कार्बनी आम्लांची पिढी आली. सेबॅसिक आम्ल, २-इथाइलहेक्झॅनॉइक आम्ल यांसारख्या द्रव्यांचे क्षार संपूर्ण पृष्ठभाग झाकत नाहीत. जिथे गंज सुरू होतो तिथेच जाऊन बसतात. त्यामुळे ते फार हळू खर्च होतात. जनरल मोटर्सने १९९६च्या मॉडेलांपासून डेक्स-कूल हा नारिंगी कूलंट पाच वर्षे टिकेल असे सांगून भरला. त्याच सुमारास फोक्सवागेनने निळसर हिरव्या जी११च्या जागी गुलाबी-लाल जी१२ आणला. अडचणी लगेच आल्या. डेक्स-कूलच्या काही इंजिनांत पातळी खाली गेली, आत हवा शिरली आणि तांबूस गाळ भरला. इनटेकच्या गॅस्केटा गळू लागल्या. अमेरिकेत ग्राहकांचे सामूहिक खटले झाले आणि ते २००८मध्ये तडजोडीने मिटले. जी११मध्ये जी१२ पडला तर मिश्रण तपकिरी होऊन गाळ धरी, म्हणून फोक्सवागेनला दोन्हींत चालणारा जांभळा जी१२ प्लस काढावा लागला. पुढे जी१३मध्ये जैवडिझेलच्या कारखान्यांतून निघणारे ग्लिसरीन वापरले गेले आणि शतकापूर्वी मागे पडलेले द्रव्य परत आले. जी१२ इव्होने ते पुन्हा बाजूला सारले. पूर्वीच्या औरंगाबादच्या शेंद्र्यात २००१पासून स्कोडाचा आणि चाकणला २००९पासून फोक्सवागेनचा कारखाना असल्याने हे सगळे आकडे महाराष्ट्रातल्या गॅरेजांतही रुळले आहेत.

रंगांचा घोळ याच काळातला. कूलंटचे सर्व घटक जवळपास रंगहीन असतात. गळती दिसावी आणि ते पाणी समजून कोणी पिऊ नये म्हणून त्यात रंग घालतात, आणि कोणत्या कृतीला कोणता रंग याचे जगभर मानलेले मानक नाही. टोयोटाचा लाल कूलंट फॉस्फेटयुक्त आहे; फोक्सवागेनचा गुलाबी-लाल जी१२ फॉस्फेटविरहित. दुकानात मात्र ‘लाल द्या’, ‘हिरवा द्या’ अशीच मागणी होते आणि दुकानदारही तसाच डबा काढून देतो. ही सवय मोडणे फार गरजेचे आहे, कारण पाहायचे असते ते डब्यामागचे मानक: भारतीय आयएस ५७५९, जपानी जेआयएस के २२३४, अमेरिकन डी ३३०६, आणि त्याहून महत्त्वाचा गाडीच्या कंपनीने पुस्तिकेत दिलेला क्रमांक.

महाराष्ट्रात कूलंट उशिरा रुजला, कारण इथे पाणी गोठत नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठते, पण तेवढ्याने इंजिनाला काही होत नाही. अँबॅसडरचा ब्लॉक आणि हेड दोन्ही ओतीव लोखंडाची, रेडिएटर तांब्या-पितळेचा. त्यात विहिरीचे, नळाचे, वेळ पडली तर ओढ्याचे पाणी जाई. बोरघाट किंवा कसारा चढताना ट्रक आणि टॅक्स्या वळणावर उभ्या राहत, झाकणावर ओला फडका टाकून वाफ सोडत आणि कॅनमधले पाणी ओतत. तापल्या ब्लॉकमध्ये एकदम गार पाणी पडल्याने हेड वाकण्याचे आणि गॅस्केट उडण्याचे प्रकार याच सवयीतून होत. दख्खनच्या बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी क्षारांनी जड. वर्षभरात नळ्यांत खडूसारखा थर धरे आणि रेडिएटरवाला वरची टाकी उकलून, सळ्या घालून नळ्या मोकळ्या करी आणि टाकी पुन्हा झाळून देई. हा धंदा शहरांच्या प्रत्येक गॅरेज-गल्लीत होता. ॲल्युमिनियमच्या रेडिएटरांना प्लास्टिकच्या टाक्या आल्या आणि झाळकाम संपले. आता गळका रेडिएटर बदलला जातो.

डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० आली. तिचे हेड ॲल्युमिनियमचे, रचना जपानी, आणि पुस्तिकेत कूलंट सांगितलेला. कारमध्ये पाण्याऐवजी कूलंट भरायचा ही कल्पना मध्यमवर्गीय घरांत पोचली ती प्रामुख्याने या पिढीच्या गाड्यांमुळे. उष्ण प्रदेशात कूलंटचा उपयोग गोठणे टाळण्यापेक्षा उकळणे लांबवणे आणि गंज रोखणे हा आहे. लेह-लडाखला जाणाऱ्या मराठी प्रवाशांना मात्र गोठणबिंदूचा हिशेब खराखुरा करावा लागतो. वाटेत दोन-तीनदा साधे पाणी टाकलेला रेडिएटर तिथल्या ऑक्टोबरच्या रात्री निभावत नाही.

मिसळण्याची रीत आता पुष्कळ सोपी झाली आहे. बाजारात दोन प्रकार मिळतात: कॉन्सन्ट्रेट आणि पाणी आधीच घातलेला रेडी-टू-यूज. तयार कूलंटमध्ये आणखी पाणी घालायचे नसते. बहुतेक चुका इथेच होतात. कॉन्सन्ट्रेटच्या डब्यावर कुठे १:१, कुठे १:३ असे प्रमाण असते आणि ते पाळावे लागते. ग्लायकॉल त्या प्रमाणाच्या खाली गेले की गंजरोधकेही विरळ होतात, हा धोका गोठण्याहून मोठा. पाणी डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड हवे. इंजिन बनवणाऱ्यांनी साध्या पाण्यासाठी घातलेली मर्यादा, एक लिटरमागे क्लोराइड ४० आणि सल्फेट १०० मिलिग्रॅमच्या आसपास, बोअरच्या पाण्याला सहसा झेपत नाही. क्लोराइड ॲल्युमिनियमला टाचणीसारखी भोके पाडते. बॅटरीसाठी मिळते तेच डिस्टिल्ड पाणी या कामाला चालते.

दोन वेगळे कूलंट चुकून मिसळले गेले तर बहुधा तात्काळ काही घडत नाही. दोन्हींची गंजरोधके विरळ होतात आणि पाच वर्षांचा कूलंट दोन वर्षांचा होतो. सिलिकेटवाला आणि कार्बनी आम्लांचा एकत्र आले तर काही वेळा जेली धरते आणि हीटरच्या बारीक नळ्या आधी तुंबतात. रस्त्यात पातळी फार खाली गेली असेल, तर अनोळखी कूलंटपेक्षा डिस्टिल्ड पाणी ओतणे बरे. नंतर ब्लॉकचा नळही उघडून सगळे काढावे, स्वच्छ पाण्याने धुवावे आणि एकाच प्रकारचे मिश्रण भरावे. नुसता रेडिएटर रिकामा केला तर बरेचसे जुने द्रव्य ब्लॉकमध्येच राहते. प्रमाण तपासायला रिफ्रॅक्टोमीटर विश्वासाचा. तरंगकाट्याचा हायड्रोमीटर एथिलीन ग्लायकॉलला ठीक, पण प्रॉपिलीन ग्लायकॉलच्या मिश्रणाची घनता सुमारे ७० टक्क्यांनंतर पुन्हा घटत असल्याने तिथे फसवतो.

प्रॉपिलीन ग्लायकॉल वापरात आले ते एथिलीन ग्लायकॉलच्या विषारीपणामुळे. एथिलीन ग्लायकॉल गोड लागते, आणि शरीरात त्याचे ऑक्झॅलिक आम्ल होऊन मूत्रपिंडात स्फटिक साचतात. जमिनीवर सांडलेले कूलंट चाटून कुत्री-मांजरे मरतात; घरात लहान मुले असतील तर उरलेला कूलंट पाण्याच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नये. ऑरेगन आणि कॅलिफोर्निया यांसारख्या अमेरिकी राज्यांनी त्यात कडू द्रव्य घालणे कायद्याने बंधनकारक केले. त्याच कुळातले डायएथिलीन ग्लायकॉल मुंबईला परिचित आहे ते १९८६च्या जे. जे. रुग्णालयातल्या दुर्घटनेमुळे. औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये ते निघाले आणि १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली.

विजेवरच्या गाड्यांत इंजिन नाही, पण बॅटरी, मोटर आणि इन्व्हर्टर थंड ठेवायला बहुधा ग्लायकॉल-पाणीच फिरते. तिथे एक चौथा दोष पुढे आला आहे: साध्या कूलंटमधले गंजरोधक क्षार वीज वाहतात. त्याची वाहकता सेंटिमीटरमागे काही हजार मायक्रोसीमेन्स असते. बॅटरीच्या डब्यात गळती झाली, तर शॉर्टसर्किट होऊ शकते आणि पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन निघू शकतो. म्हणून आयन नसलेली गंजरोधके वापरून ही वाहकता शंभराच्या आत ठेवणारे कूलंट तयार झाले आहेत. त्यांत नळाचे पाणी किंवा पेट्रोल गाडीचा कूलंट थोडासा जरी पडला, तरी वाहकता कित्येक पटींनी वाढते आणि सगळा द्रव बदलावा लागतो.